नंतरची गाडी

"मग कधीपर्यंत घ्यायचा विचार आहे, मॅडम?" शोरूममधल्या माणसाने विचारलं आणि तिच्या तोंडून निघालं, "सहा महिन्यांनी."

त्याने काही खोचकपणे विचारलं नव्हतं. त्याच्या हातातल्या टॅबवर रकाने होते. फोन नंबर, सध्याची गाडी कोणती, रोजचं अंतर किती, घरी चार्जिंगची सोय आहे का, आणि सगळ्यात खाली हा. त्याने सहा महिन्यांच्या चौकोनावर बोट टेकवलं आणि हसला. त्याच्या वरच्या डाव्या सुळ्यावर कॅप होती, शेजारच्या दातांपेक्षा दोन छटा पांढरी. घाईचं काम. तेवीस वर्षं दुसऱ्यांचे दात बनवण्यात गेल्यावर माणसाच्या तोंडाकडे पाहिलं की तिला आधी हेच दिसायचं, आणि आताही ती त्या पांढऱ्या सुळ्याकडेच बघत राहिली, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते तिला कळेना. सहा महिने हा आकडा आला कुठून? परदेशातला दादा म्हणत होता, दोन वर्षं थांब. लॅबमधली मैत्रीण म्हणत होती, उद्या घे. वर्तमानपत्रांत कुणी लिहीत होतं, विजेच्या गाड्या पुढच्या वर्षी स्वस्त होतील. कुणी लिहीत होतं, अजिबात होणार नाहीत. सहा महिने असं कुणीच म्हटलं नव्हतं. म्हणजे एकाने म्हटलं होतं. पण ते गाडीबद्दल नव्हतं.

"आरामात ठरवा, मॅडम," तो म्हणाला. "तुमचं सगळं मार्गी लागलं की फोन करा."

ती बाहेर आली. तिची जुनी गाडी समोरच्या फुटपाथला लागून उभी होती. आत बसून तिने दार ओढून घेतलं आणि किल्ली फिरवली नाही. तीन आठवड्यांपूर्वी दवाखान्याच्या पॅसेजमध्ये डॉक्टर तिच्याशी बोलले होते. आत बाबांच्या छातीवर चिकटवलेल्या पट्ट्या नर्स एकेक करून काढत होती आणि बाबा प्रत्येक पट्टीला "अगं हळू" म्हणत होते, ते बाहेर ऐकू येत होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, औषधं चालू ठेवू, पण तुम्हाला कल्पना असलेली बरी. तिने विचारलं, "किती दिवस?" हे तिने ज्या आवाजात विचारलं तो आवाज नंतर तिलाच आठवून आठवून टोचला होता. लॅबमध्ये फोनवर दिवसातून दहा वेळा हाच प्रश्न येतो. किती दिवसांत देता? डॉक्टर म्हणाले, "सहा महिने धरून चला. थोडं कमीजास्त." तिने मान हलवली, मिठाचं पथ्य विचारून घेतलं, आत गेली आणि बाबांना म्हणाली, "मीठ कमी करायला सांगितलंय." त्याच संध्याकाळी दादाला फोनवर सगळं सांगितलं. त्यानंतर तो आकडा तिने उच्चारला नव्हता. तिला वाटत होतं, आपण तो कुठेतरी झाकून ठेवलाय, फडताळातल्या एखाद्या डब्यासारखा, आणि त्याच्याकडे आपण बघत नाही. आणि आज एका अनोळखी माणसाने खरेदीची तारीख विचारल्यावर तो आपणहून उठून बाहेर आला होता. म्हणजे आपण धरून चाललो होतो, तिला वाटलं. रोज उठून, चहा करून, गोळ्या मोजून, आपण धरूनच चाललो होतो.

आणि त्यात आणखी एक मेख होती. मुळात ही नवी गाडी तिला हवी होती ती बाबांसाठीच. जुन्या गाडीची सीट बुटकी. दवाखान्यात जायचं म्हणजे आधी चाकांची खुर्ची दाराशी लावायची, ब्रेक लावायचा, बाबांच्या दोन्ही काखांखाली हात घालायचे, त्यांनी तिच्या मानेला मिठी मारायची, मग "एक, दोन" म्हणत त्यांना उचलून, अर्धं वळवून, खाली सोडायचं. तीन कधीच म्हणता यायचं नाही, श्वासच पुरायचा नाही. उतरताना तर विहिरीतून काही ओढून काढावं तसं. त्यांच्या अंगाला मलमाचा आणि इस्त्रीच्या शर्टाचा वास यायचा आणि त्यांची हनुवटी तिच्या खांद्यात रुतायची. गेल्या महिन्यात तिची कंबर अशी धरली की चार दिवस लॅबमध्ये ती उभ्यानेच काम करत होती. ही विजेची गाडी मात्र उंच होती, आतली जमीन सपाट, सीट बरोब्बर कमरेच्या उंचीवर. टेकायचं आणि फिरायचं. पर्समधल्या टेपने तिने शोरूममध्ये ते मोजूनही घेतलं होतं. अठ्ठावीस इंच. मग सहा महिन्यांनंतर ती सीट कुणासाठी? त्या अठ्ठावीस इंचांचं ती एकटी काय करणार होती? तिने किल्ली फिरवली. इंजिन खोकलं आणि सुरू झालं, आणि सुरू झालं म्हणून तिला घरी जावं लागलं.

घरी बाबा खिडकीजवळ बसले होते. दिवसा सांभाळायला येणाऱ्या मावशी चपला घालतच होत्या. "आज छान होते हो," मावशी म्हणाल्या, "दोनदा खाऊन झालं." ती बाबांच्या पायाशी बसली आणि रोजच्यासारखी पायाची सूज बघितली. अंगठ्याने दाबायचं आणि खळगा भरून यायला किती वेळ लागतो ते बघायचं. आज लवकर भरला. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्यावर लगेच तिने स्वतःकडे चोरून पाहिलं, की हे बरं वाटणं खरं आहे ना. हे नवीन होतं. सकाळपर्यंत तिला असं काही तपासावं लागत नव्हतं.

"छोटे, उशीर केलास," बाबा म्हणाले. एकोणपन्नासाव्या वर्षीही ती छोटीच होती.

"गाडी बघायला गेले होते."

"कसली गाडी?"

"विजेची. नुसती बघायला."

"हां, नुसती बघ," बाबा म्हणाले. "पहिल्या वर्षी नवी वस्तू घ्यायची नसते. दुसऱ्यांना आधी फसू दे."

हा त्यांचा नियम साऱ्या आयुष्याला लागू होता. शेजारीपाजारी जुना टीव्ही काढून टाकायला लागले तेव्हा त्यांच्याकडे पहिला आला. कपडे धुण्याचं मशीन आलं तेव्हा आईचे खांदे कायमचे दुखायला लागले होते. बाबा लिफ्ट तपासनीस होते. इमारतींत जाऊन लिफ्टचे दोर, ब्रेक, दारं तपासायची आणि ती माणसांना वर न्यायला लायक आहे असा दाखला द्यायचा. ती सात वर्षांची असताना त्यांनी एका सुट्टीच्या दिवशी तिला कामावर नेलं होतं. जुनी इमारत, जाळीच्या दाराची लिफ्ट. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये त्यांनी मुद्दाम ती थांबवली. जाळीतून समोर नुसती भिंत दिसत होती, विटा, आणि विटांमधून ओघळून वाळलेला चुना. "बघ, पडतोय का आपण?" बाबा म्हणाले. "लिफ्ट पडत नाही, छोटे. थांबते." त्यांना तिची भीती घालवायची होती, तिला तोवर लिफ्टची भीती वाटतच नव्हती. मग त्यांनी बटण दाबलं आणि लिफ्ट हललीच नाही. खाली कुणाला तरी हाका मारून झाल्या, कुणीतरी माणूस आणायला गेलं. बाबा हत्यारांच्या पिशवीवर बसले, तिला मांडीवर घेतलं. दार हाताने सरकवता येत होतं आणि वरच्या मजल्याची कड तिच्या डोक्याएवढ्या उंचीवर दिसत होती. तिथे उजेड होता, कुणाच्या तरी चपला होत्या. ती म्हणाली, बाबा, आपण चढू या का. तेव्हा ते प्रथमच करड्या आवाजात बोलले. "बंद पडलेल्या लिफ्टमध्ये बसून राहिलेलं कुणी मरत नाही. बाहेर उडी मारायला जातात ते मरतात. घाई करायची नाही." चाळीस मिनिटं. तिला लघवीला लागली होती आणि ती विटा मोजत होती, आणि शेवटी बाबांच्या मांडीवरच झालं. खिशातला रुमाल काढून त्यांनी आधी तिचे पाय पुसले, मग स्वतःची पँट, आणि घरी आईला म्हणाले, पाण्याचा नळ उडाला. इतक्या प्रेमळ माणसावर कुणी चिडायचं तरी कसं? पण त्या चाळीस मिनिटांनंतर ती घाई करायचं जणू विसरूनच गेली. दादाची परीक्षा होऊ दे, मग तुझ्या कोर्सचं बघू. दादा परदेशी स्थिरावू दे. आईचं ऑपरेशन होऊ दे. एक सर्व्हेअर होता, जमिनी मोजणारा, उन्हाने मान रापलेला, हसताना वरची हिरडी दिसायची. त्याला ती अडीच वर्षं म्हणत होती, थोडं थांबू या. तो थांबला. अडीच वर्षं ही काही कमी नव्हती, त्याचा दोष म्हणता येणार नाही. त्याचं लग्न झाल्यावर चारेक वर्षांनी त्याच्या आईच्या कवळीचं माप तिच्या लॅबमध्ये आलं. नाव वाचून तिने ते काम दुसऱ्या कुणाला दिलं नाही. मेण घासताना तिच्या लक्षात आलं की त्या बाईची वरची हिरडीही तशीच आहे, आणि तिने समोरचे दात अर्धा मिलिमीटर खाली घेतले, म्हणजे हसताना ती झाकली जाईल. कवळी एका फटक्यात बसली, असं माप पाठवणाऱ्या दंतवैद्यांनी कळवलं. एवढंच.

पुढचे दिवस ती हिशेब नसलेल्या गोष्टीचा हिशेब मांडत राहिली. लॅबमध्ये भट्टीत पोर्सेलीन भाजायला ठेवलं की अकरा मिनिटं मोकळी असतात. त्या अकरा मिनिटांत ती स्टुलावर बसून फोनवर विजेच्या गाड्यांबद्दल वाचायची. एका चार्जमध्ये किती जाते, थंडीत किती कमी जाते, बॅटरी किती वर्षं टिकते. आठ वर्षं, असं लिहिलेलं. आठ वर्षांनी आपण सत्तावन्नच्या होऊ आणि एकट्या असू, असं मनात यायचं आणि ती पान पुढे सरकवायची. घ्यायची तर आत्ता, बाबांच्या असण्यात. न घ्यायची तर मग कशालाच नको, ही जुनी तिला एकटीला पुरेल. मधलं काही नव्हतं. तरी ती थांबून काय बघत होती? जितके दिवस ठरवत नाही तितके दिवस आपण काहीतरी मोजतोय, असं तिला वाटायचं. ठरवलं तर मोजणं संपेल, किंवा उघडं पडेल.

पॉलिशच्या टेबलावरची मैत्रीण दातांवर चकती फिरवता फिरवता म्हणाली, "झाली का नाही घेऊन? किती वाचशील? पीएचडी करणारेस का त्या गाडीवर?"

"बघतेय. सोसायटीत चार्जिंगचा पॉइंट द्यायला तयार नाहीत अजून."

"मागच्या आठवड्यात तर तूच म्हणालीस, सेक्रेटरी हो म्हणाले."

सेक्रेटरी खरंच हो म्हणाले होते.

"अगं घेऊन टाक," मैत्रीण म्हणाली. "आता कुणाच्या मरणाची वाट बघतेयस?"

चकतीची घरघर चालूच होती. मैत्रीण खाली बघत होती, हातातल्या दाढेची कड गोल करत होती. बोलायची एक तऱ्हा, बायका दिवसातून चारदा म्हणतात. तिच्या कानांच्या पाळ्या मात्र आतून तापल्यासारख्या झाल्या. तोंडात प्लास्टरची चव आली. ती उठून बेसिनपाशी गेली, हात धुतले, मग पुन्हा धुतले. भट्टीची घंटी वाजली तेव्हा तिने चिमट्याने जो दात बाहेर काढला त्याला उभी बारीक भेग गेली होती. असं तिच्या हातून वर्षातून एकदाही होत नसे.

रविवारी दुपारी दादाचा व्हिडिओ कॉल आला. तिने फोन नेहमीसारखा पाण्याच्या तांब्याला टेकवून बाबांसमोर ठेवला. दादाच्या मागे मोठी खिडकी आणि खिडकीत झाड. तो बाबांशी जेवणाचं, झोपेचं बोलला, मग म्हणाला, "आणि छोटी, त्या गाडीचं काय केलंस? घाई नको करूस हं. बॅटरीमध्ये पुढच्या दोन वर्षांत सगळं बदलणारेय. आत्ता घेशील आणि पस्तावशील. आत्ता या परिस्थितीत कशाला? नंतर निवांत तुझ्यापुरती एखादी छोटी बघ."

"नंतर म्हणजे?" बाबांनी विचारलं.

दादाचा चेहरा पडद्यावर तसाच राहिला. तिला वाटलं, लाइन अडकली. पण मागचं झाड हलत होतं.

"नंतर म्हणजे... अशीच, पुढेमागे, बाबा."

"आणि तुझ्यापुरती म्हणजे? मी काय टपावर बसू?"

दादा मोठ्याने हसला, गरजेपेक्षा जास्त. तीही हसली. बाबा हसले नाहीत. ते चष्मा नाकावर वर सरकवून फोनच्या पडद्याकडे जवळून बघत होते, लिफ्टचा दोर बघायचे तसे. मग त्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ती तांब्याखाली साठलेलं पाणी फडक्याने पुसू लागली.

"त्या शोरूमवाल्याला सांग, घरी घेऊन ये म्हणावं," बाबा म्हणाले. "बघू तरी काय चीज आहे."

पांढऱ्या सुळ्याचा माणूस मंगळवारी सकाळी गाडी घेऊन आला. गाडी फाटकातून आत आली ती कुणाला कळलीच नाही. मावशी बादली घेऊन मध्येच उभ्या होत्या, त्या दचकून बाजूला झाल्या. तिने खुर्ची दाराशी लावली, ब्रेक लावला, सवयीने वाकून काखांखाली हात घातले. पण बाबा टेकले, फिरले, बसले. तिचे हात त्यांच्या काखांखाली रिकामेच राहिले. "अरे वा," बाबा म्हणाले. आणि मग जे झालं त्याची तिने कल्पना केली नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांना आधी फसू देणारा हा माणूस गाडीच्या प्रेमात पडला. काच खाली कर, वर कर. हे बटण कशाचं? सीट मागे जाते का? पाठीला गरम करते? गाडी रस्त्याला लागली तेव्हा ते डोळे बारीक करून ऐकत होते. "मोटर कुठे बसवलीय?" त्यांनी विचारलं. "मागे? लिफ्टसारखंच आहे हे. दोर नाही एवढंच. अहो, हे मला समजतं." मागच्या सीटवरून तो माणूस हो हो म्हणत होता. उड्डाणपुलावर तिने जरा जोरात सोडली तेव्हा बाबांचं डोकं मागे टेकलं आणि त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला, तिने कधीच न ऐकलेला, कुणीतरी गुदगुल्या केल्यासारखा. "समुद्रावर जाऊ या हिच्यातून," ते म्हणाले. "पुढच्या थंडीत. आत्ता नको, दमट असतं. पुढच्या थंडीत जाऊ."

पुढची थंडी दहा महिन्यांवर होती.

परत आल्यावर तिने गाडी झाडाखाली लावली. बाबा उतरेनात. "घेऊन टाक," ते म्हणाले.

"बघू, बाबा."

"बघितली की. आता काय बघायचंय?"

तिने कारणं सांगितली, दादाची, वर्तमानपत्रातली, स्वतःची. तंत्रज्ञान बदलतंय. "ते बदलतच असतं. मी कामाला लागलो तेव्हाच्या लिफ्ट आता भंगारातही मिळत नाहीत. लोक काय जिन्यात बसून राहिले?" बॅटरी आठ वर्षांनी बदलावी लागते. "आठ वर्षांनी बदल." लांब जायचं तर वाटेत चार्जिंगला थांबावं लागतं. "मलाही थांबावं लागतं, तासातासाला. बरोबर जमेल आमचं." मागच्या सीटवरचा माणूस खुदकन हसला. आता तिच्यापाशी एकच कारण उरलं होतं. ते गाडीतल्या त्या निर्वात शांततेत तिच्या आणि त्यांच्या मध्ये बसलं होतं, गुडघ्याला गुडघा लावून. तिला वाटलं, सांगून टाकावं. आत्ता, या परक्या माणसाच्या देखत, तो ऐकतोय म्हणूनच. मग जे व्हायचं ते होऊ दे. पण बाबांचा हात सीटच्या कडेवरून पुढे-मागे फिरत होता, शिवणीवरून बोट फिरत होतं, आणि त्या बोटाकडे बघत असं काही सांगता येत नव्हतं. थांबू या म्हणावं तर ते विचारणार, कशासाठी. घेऊ या म्हणावं तर पुढची थंडी, त्याच्या पुढची थंडी, समुद्र, सगळ्याला आपण हो म्हटल्यासारखं होणार. दोन्हीकडून दार होतं आणि दोन्ही दारं तिच्याकडेच उघडत होती.

"तू म्हणशील तसं," बाबा अचानक म्हणाले. "तू कधी काही मागितलं नाहीस, हे मला माहीत आहे."

ते कुठल्या गोष्टीबद्दल बोलत होते कुणास ठाऊक. तिने मागे वळून त्या माणसाला विचारलं, "कुठे सही करायची?"

"अं... मॅडम, आपण सहा महिने म्हणाला होतात..."

"चूक झाली होती," ती म्हणाली.

रंग बाबांनी निवडला. मातकट लाल. त्या कॅटलॉगमध्ये याहून वाईट रंग नव्हता.

गाडी सात आठवड्यांनी आली. त्या सात आठवड्यांत तिने रोज पायाची सूज अधिक काळजीने पाहिली, आणि बाबांनी एकदाही गाडी कधी येणार असं विचारलं नाही. दादा फोनवर म्हणाला, "ठीक आहे, तुला पटलं ना, मग झालं," आणि पुन्हा तो विषय काढला नाही. गाडी आली तशी त्यांची नवी चाकोरी पडली. शनिवारी दवाखाना, रविवारी चक्कर, मधल्या एखाद्या वारी ती लॅबमधून लवकर निघून त्यांना तळ्यापर्यंत नेऊन आणायची. बाबा खिडकी खाली करून इमारती दाखवायचे: या इमारतीला मी दाखला नाकारला होता, चेअरमन घरापर्यंत आला होता मनधरणी करायला. सहा महिने ज्या दिवशी पूर्ण झाले तो दिवस तिला पाठ होता. गुरुवार होता. त्या दिवशी तिने चार दाढा आणि दातांचा एक ब्रिज केला, घरी आली, बाबा खिडकीशी बसून मावशींना बॅटरी कशी चालते ते समजावत होते. मग सातवा महिना गेला, नववा गेला. डॉक्टर कागद वाचून म्हणाले, "छान आहे की. असं होतं कधीकधी." तिने त्यांना विचारलं नाही की आता किती धरून चालायचं. थंडीत ते समुद्रावर जाऊन आले. बाबा वाळूत उतरले नाहीत, गाडीतूनच पाणी बघितलं, आणि म्हणाले, मोठा आहे.

आता दुसरा उन्हाळा सुरू झाला होता. तिची कंबर बरी होती. मैत्रिणीने शनिवारी मुक्कामी सहलीला बोलावलं तर ती नाही म्हणायची, शनिवारी दवाखाना असतो. तिसऱ्या खेपेनंतर मैत्रिणीने बोलावणं बंद केलं. दादाने एक लिंक पाठवली होती, नव्या बॅटरीची, दुप्पट अंतर जाणारी, खाली फक्त एक हसरा चेहरा. तिने ती उघडली नाही. पुस्तकात बोट घालून ठेवावं आणि पुस्तक कुणीतरी मिटून घ्यावं तसं तिचं झालं होतं. बोट काढलं तर पान हरवणार. आणि हे वाईट आहे असं म्हणायची सोय नव्हती, कारण बाबा जगत होते, आणि ते जगावेत असं तिला वाटत होतं. वाटतच होतं. ती रोज तपासत होती.

त्या रविवारी तळ्यावरून परत येताना बाबांना झोप लागली. तिने गाडी पार्किंगमध्ये आपल्या जागेवर घेतली, दुपारचे तीन वाजले होते, कुणी नव्हतं. उठवावं असं तिला वाटेना. आतला गारवा चालू होता पण गाडीचा आवाज म्हणून काही नव्हता, दोन्ही काचा वर होत्या, आणि बाहेरून कुणी पाहिलं असतं तर दोन माणसं बंद गाडीत नुसतीच बसलीत असं त्याला वाटलं असतं. बाबांची मान दाराकडे कलली होती. ओठ किंचित उघडे, आतले खालचे दोन दात, स्वतःचे, झिजलेले. ती त्या दातांकडे बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं की शर्ट हलत नाहीये. इस्त्री केलेला पांढरा शर्ट, खिशाची उभी घडी, आणि ती घडी जिथल्या तिथे. तिने श्वास रोखला, ऐकू यावं म्हणून. काहीच ऐकू येईना. तिचा हात त्यांच्याकडे गेला नाही. तो मांडीवर होता तिथेच राहिला, तळवा वर करून. किती वेळ गेला असेल? चार सेकंद, पाच. त्या पाच सेकंदांत तिच्या खांद्यांतून, मानेतून, जबड्यातून काहीतरी सैल होत खाली गेलं, आणि तिने त्याला नाव द्यायच्या आत घडी वर उचलली गेली, खाली बसली, पुन्हा उचलली गेली, आणि तिचे खांदे आपोआप पुन्हा जागच्या जागी आले. तिच्या तळहाताला घाम आला होता. तो तिने सीटला पुसला.

"आलो का?" बाबांनी डोळे न उघडता विचारलं.

"केव्हाच."

"मग उठवायचं नाही का?"

ती उतरली. गाडीच्या पुढून वळसा घालून त्यांच्या बाजूला आली, मागून खुर्ची काढली, उघडली, ब्रेक लावला. दार उघडून ती वाकली आणि त्यांच्या काखांखाली हात घालू लागली, तशी त्यांनी तिचे हात हलकेच बाजूला केले. आधी एक पाय बाहेर काढला, मग हाताने उचलून दुसरा. दाराच्या वरच्या दांडीला धरलं.

"मला जमतं आता," बाबा म्हणाले. "तू नुसती उभी राहा."

ती उभी राहिली.